लाल तार उजवीकडे

"ही बाई नापास," मी म्हणालो आणि यादीत सात नंबरच्या टेबलापुढं लाल पेनानं फुली मारली.

निगवे मॅडमनी चष्मा वर सरकवला. त्या केंद्रप्रमुख. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण नियमाच्या बाबतीत माझ्या आजीला भारी. त्यांनी आधी फुलीकडं पाहिलं, मग सात नंबरच्या टेबलाकडं.

"सर, सगळ्यात सुबक काम तर तिचंच दिसतंय मला."

"सुबक आहे. पण उलटं आहे."

जयसिंगपूरच्या एका खासगी संस्थेत वायरमनच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती. टाळेबंदीचं दुसरं वर्ष सरत आलं होतं. चौदा उमेदवार, चौदा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक लाकडी बोर्ड, आणि त्यावर जोडायला दोन बटणं, एक दिवा, एक तीन पिनांचं सॉकेट. सगळ्यात लहान उमेदवार अठरा वर्षांचा होता, सगळ्यात थोरले एकसष्ट वर्षांचे, पतपेढीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. चौतीस वर्षं मी हा धंदा शिकवला, म्हणून मला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. सकाळी एकेक जण येऊन माझ्या पाया पडला होता, कारण वर्ग भरलेच नव्हते. ते सगळे जे काही शिकले, ते माझ्या व्हिडिओ धड्यांवरून.

त्याचंही सांगतो. घरात बसून जीव विटला, तेव्हा फोन स्टँडला लावून मी सव्वीस धडे केले आणि इंटरनेटवर फुकट टाकले. ज्याला पाहिजे त्यानं बघावं. बघता बघता दोन लाख लोकांनी बघितले. पुढच्या रविवारी सांगलीत त्याबद्दल माझा सत्कारही ठरला होता. शाल कुठल्या रंगाची असेल इथपर्यंत माझा विचार झाला होता, खोटं कशाला बोलू. धड्यांखाली लोक प्रश्न टाकायचे. त्यांना उत्तरं मी स्वतः द्यायचो, रोज सकाळी चहाबरोबर, एकेका ओळीत. बहुतेक प्रश्न आळसातून येतात असं माझं ठाम मत होतं. काहींना नसता चावटपणा सुचायचा. "सर, तुम्ही डावखुरे आहात का?" असं कितीतरी जणांनी विचारलं. "हात कुठलाही असो, काम चोख हवं," असं मी ठोकून द्यायचो.

तर ती सात नंबरची बाई. नाव वैजयंता बिरनाळे, वय छत्तीस, शिरोळकडच्या एका गावातली. जन्मापासून ऐकू येत नाही, हे अर्जावरच लिहिलं होतं. खाणाखुणा करून बोलायला तिचे सासरे सोबत आले होते, भाऊसो बिरनाळे. सूतगिरणीत मुकादम होते, आता सत्तरी उलटलेली. हा म्हातारा तिला खुणेनं उत्तरं सांगेल म्हणून मी त्यांना दारात, तिच्याकडं पाठ करून बसवलं होतं. तीन तास ते तसे बसले, पण मान सारखी वळायची. दोनदा मी दरडावलं.

आता हे उलटं म्हणजे काय, ते सांगायला हवं. सॉकेटला समोरून बघितलं की वरचं मोठं भोक जमिनीच्या तारेचं. खालच्या दोन भोकांपैकी उजवं फेजचं, म्हणजे ज्या तारेतून वीज येते तिचं. ती लाल. डावं न्यूट्रलचं, ती काळी. ह्या दोघींची अदलाबदल झाली तर दिवा लागतो, पंखा फिरतो, सगळं छान चालतं, आणि तिथंच घात असतो. यंत्राचं बटण बंद केलं तरी त्याच्या पोटात वीज तशीच राहते. मग कुणीतरी ओल्या हातानं पुसायला जातं. तरुणपणी अशा एका घरी मला पंचनाम्याला नेलं होतं. त्या दिवसापासून माझा नियम असा, की ही एक चूक झाली तर बाकीचं काम सोन्याचं असलं तरी नापास. चाचणी चोख व्हावी म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः सॉकेटच्या मागच्या खुणा घासून काढल्या होत्या. खुणा बघून तारा जोडणारा माझ्या लेखी वायरमन नव्हे.

बाकी तेरा जणांनी बरोबर जोडलं होतं. दोघंतिघं मध्येच अडखळले, मग डोळे मिटून "लाल तार उजवीकडे, लाल तार उजवीकडे" असं पुटपुटत सावरले. ते माझंच वाक्य होतं. ऐकून मला मनातून गुदगुल्या झाल्या होत्या.

आणि ह्या बाईचं काम? तारा अशा बसवलेल्या, जशी सणाच्या दिवशी घातलेली वेणी. एक स्क्रू वाकडा नाही, एक टोक उघडं नाही. आणि लाल तार, ठामपणे, डावीकडं.

"सर, तिच्या अर्जाला एक पत्र जोडलंय," निगवे मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मिरजेच्या एका पॅनेलच्या कारखान्यानं तिच्यासाठी जागा ठेवलीय. सोमवारी सकाळी नऊला निकाल घेऊन हजर राहायचंय. नाहीतर जागा दुसऱ्याला."

"मग पुढच्या परीक्षेला बसू दे."

"पुढची परीक्षा मे महिन्यात. आणि आज पाचला निकाल भरायचं बंद होतं. पाचनंतर मला एक आकडासुद्धा बदलता येत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मॅडम, कारखान्यात पॅनेल उलटं जोडलं तर पत्र वाचून वीज माघारी जाणार आहे का?"

मी भाऊसोंना हाक मारली. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि आत आले.

"सुनबाईंना सांगा, काम चांगलं आहे, पण जोडणी उलटी आहे. नापास."

"नापास? आमची वैजू?" म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "काय बोलताय ओ सर! पोरगा मागावर हुता, माग बंद पडलं. ही पाच म्हैनं घरातली सगळी कामं आवरून शिकलीया. चौदा जणांत असं काम कुणाचं हाय, दावा की."

"लाल तार डावीकडं जोडलीय त्यांनी."

हे ऐकल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मी म्हणत हुतो! देवाशपथ सांगतो, मी पाच म्हैनं हेच सांगत हुतो तिला. पर ही बया ऐकंल तर शप्पत!"

मग त्यांनी तिच्याकडं वळून खुणा केल्या. एक हात उजवीकडं झटकला, मान हलवली, बोटांनी फुली दाखवली. ती एकटक बघत होती. मग तिनं माझ्याकडं बोट केलं, नाकाखाली दोन्ही बाजूंना चिमटीनं मिशी पिळली आणि हात डावीकडं नेला. परत मिशी पिळली, परत डावीकडं.

"काय म्हणतायत?"

"मिशी म्हंजे तुमी," भाऊसो ओशाळून म्हणाले. "घरात तुमची हीच खूण हाय. म्हणती, मिशीवाल्या सरांनी डावीकडंच शिकवलंया."

मला संताप आला. चौतीस वर्षांत मी काहीही चुकीचं शिकवलं असेल, पण हे? मी कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'लाल तार उजवीकडे.' तिनं माझ्या हातातून पेन घेतलं. शाळेतल्यासारखं वळणदार अक्षर होतं. 'नाही सर. डावीकडे. धडा ९.'

आणि ती तरातरा गेली, सासऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, आणि माझ्यापुढं धरला.

"बरं झालं," मी मॅडमना म्हणालो. "आता सोक्षमोक्षच लागू दे."

धडा सुरू झाला. फोनमधून माझाच खणखणीत आवाज आला, "आता नीट लक्ष द्या. समोरून बघताना लाल तार उजवीकडे. काय सांगितलं? लाल तार उजवीकडे."

"ऐका!" मी टेबलावर थाप मारली. "ऐका मॅडम! ह्याहून स्पष्ट काय सांगायचं माणसानं?"

"बगा की!" भाऊसोंना तर हर्ष झाला. "मी हेच सांगत हुतो. मला काय बघायचं नसतंय. फोन खिशात टाकायचा आणि शेंगा फोडत ऐकायचं, रेडिओगत. सगळं सव्वीस धडं पाठ हायेत माझं. घरात आमची रोज ह्याच्यावरनं जुंपायची. मी म्हणायचो सर उजवीकडं म्हणत्यात, ही म्हणायची सर डावीकडं दावत्यात. शेवटी वाटण्या केल्या. सोप्यातलं सॉकेट मी जोडलं, स्वयंपाकघरातलं हिनं."

आम्ही दोघं असे खुशीत बोलतोय हे ती बघत होती. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की ती सोडून सगळ्यांचं एकमत झालंय. तिचा श्वास जोरात चालला होता. तिनं धडा मागं नेला, परत लावला, आणि माझं बोट धरून, अक्षरशः धरून, पडद्यावरच्या लाल तारेवर टेकवलं.

मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तोवर नुसता ऐकत होतो.

पडद्यावरचा मी लाल तार डाव्या भोकात घालत होतो.

मी डोळे चोळले. परत बघितलं. तोंडानं उजवीकडे म्हणतोय आणि हात डावीकडं. मग माझी नजर पडद्यावरच्या माझ्या मनगटावर गेली. घड्याळ उजव्या हातात होतं. मी आयुष्यभर घड्याळ डाव्या हातात घातलंय. आत्ताही ते डाव्याच हातात होतं, आणि त्यात चार वाजून सतरा मिनिटं झाली होती.

तो प्रश्न आठवला. सर, तुम्ही डावखुरे आहात का?

फोनला दोन कॅमेरे असतात. मागचा चांगला असतो. पण मी सगळे धडे पुढच्या कॅमेऱ्यानं केले, का, तर करताना स्वतःला बघता यावं, केस नीट आहेत का, सदरा नीट आहे का. आणि माझ्या त्या फोनात पुढच्या कॅमेऱ्यानं घेतलेलं चित्र आरशातल्यासारखं उलटं साठवलं जायचं. मला हे कधी खटकलंच नाही. कसं खटकणार? रोज दाढी करताना आरशात जो माणूस दिसतो, तोच पडद्यावर होता. ज्यांना ऐकू येत होतं त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला आणि डोळ्यांना गप्प बसवलं. जिला शब्द नव्हताच, तिनं मी दाखवलं तसं, तंतोतंत केलं. खाली अक्षरं उमटवायची सोय असते, तीही मी केली नव्हती. माझा आवाज एवढा खणखणीत असताना अक्षरं कशाला, असं मला वाटायचं.

खरं सांगायचं तर पुढचं एक मिनिट मी गप्प राहिलो. निगवे मॅडम दुसऱ्या टेबलाशी गेल्या होत्या, त्यांनी काही बघितलं नव्हतं. भाऊसो तर माझ्याच बाजूनं होते. आवाज माझी साक्ष देत होता. फुली मारलेली होती. मी फोन परत देऊन "मे महिन्यात या" म्हटलं असतं, तर प्रकरण तिथंच मिटत होतं. घरी जाऊन गुपचूप धडे काढून टाकता आले असते. रविवारची शालही वाचली असती. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, आणि आलंच नाही असं म्हणण्याएवढा मी सज्जन नाही.

पण डोक्यात दुसरंही काहीतरी फिरत होतं. स्वयंपाकघरातलं सॉकेट हिनं जोडलंय.

"भाऊसो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "स्वयंपाकघरात त्या सॉकेटला काय लावता?"

"मिक्सर, दुसरं काय."

"आत्ता घरी कोण आहे?"

"सासू हाय की तिची. का ओ?"

"त्यांना आत्ताच्या आत्ता फोन लावा. मिक्सरची पिन काढून ठेवायला सांगा. तिकडं हातसुद्धा लावायचा नाही म्हणावं. आधी ते करा, मग बोलू."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता फोन लावला. तिकडून उचलेपर्यंत चारपाच वेळा घंटी वाजली असेल. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढं दोन लाख स्वयंपाकघरं येऊन गेली. पलीकडून म्हातारी काहीतरी करवादली, तेव्हा माझ्या जीवात जीव आला.

मी निगवे मॅडमना बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी व्हिडिओ बघितला, माझं मनगट बघितलं, परत व्हिडिओ बघितला.

"अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

"तिला पुन्हा जोडू द्या. आत्ता."

"तसं करता येत नाही सर. एका उमेदवाराला एकच संधी." त्यांनी नियमांची पुस्तिका काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. मी घड्याळाकडं बघत होतो. चार सव्वीस. "थांबा. अकरावा नियम. परीक्षकाच्या बाजूनं दोष असेल तर त्याच दिवशी एकदा फेरकाम देता येतं. पण दोष काय, ते परीक्षकानं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावं लागतं. तो कागद वर जातो सर. सगळे वाचतात."

"द्या कागद."

"नीट विचार करा. तुमचा रविवारी..."

"मॅडम, कागद द्या."

मी लिहिलं, 'उमेदवाराने मी दाखवले तसेच केले. मी दाखवलेले उलटे होते.' पुढं बरंच काही लिहायचं मनात होतं, फोनचा दोष, टाळेबंदी, माझी चौतीस वर्षं. पण वेळ नव्हता. सही केली.

आता खरी अडचण पुढंच होती. ती टेबलाजवळ भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. मी बोर्डाकडं हात करून "परत जोडा" असं खुणावलं, तर तिनं मान हलवली. भाऊसोंनी समजावलं. तिनं त्यांच्याकडं बघायचंच सोडून दिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण राग त्याहून जास्त.

"काय म्हणतायत?"

"काय न्हाई म्हणत. बोलंचना झालीया." म्हातारा रडकुंडीला आला होता. "तिला वाटतंया, तुमी दया म्हणून परत करायला लावताय. चुकलेलं न्हाई ते का बदलू, असं हाय तिचं. लई हट्टी हाय ओ. न्हाईतर पाच म्हैनं एकटीनं शिकली असती का?"

"पण शंका होती तर मला विचारायचं ना! धड्याखाली विचारायची सोय होती."

"विचारलं हुतं म्हणत हुती."

"कुणाला? कधी?" मी खेकसलो. पण उत्तर ऐकायला थांबलो नाही. चार पस्तीस झाले होते.

वऱ्हांड्यात हात धुवायचं बेसिन होतं आणि त्यावर एक लहानसा आरसा, कोपऱ्यात कुणाची तरी टिकली चिकटवलेली. मी टेबलावरचा लाल तारेचा तुकडा उचलला आणि तिला हातानं ये म्हणालो. ती आली नाही. मग मी हात जोडले. चौतीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यापुढं जोडले नव्हते. ती आली.

आरशात आम्ही दोघं शेजारी शेजारी दिसत होतो. मी लाल तार उजव्या हातात धरून वर केली. मग माझी छाती ठोकली, स्वतःच्या मिशीला पीळ दिला, आणि आरशातल्या मिशीवाल्याकडं बोट दाखवलं. मग खिशातून माझा फोन काढला, पुढचा कॅमेरा लावला, लाल तार पुन्हा उजव्या हातात धरून दोन क्षणांचा व्हिडिओ घेतला आणि तिच्या हातात दिला.

तिनं फोनकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. फोन घेऊन माझ्या समोर येऊन उभी राहिली, माझ्याकडं तोंड करून. माझा तारेचा हात धरून ती तार कुठल्या हातात आहे ते चाचपलं. पुन्हा पडद्याकडं बघितलं, तिथं तार दुसऱ्या हातात होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. ती सासऱ्याकडं वळली आणि तिचे हात इतक्या वेगानं चालायला लागले की म्हातारा दोन पावलं मागं सरकला.

"काय म्हणतायत?"

भाऊसो तिच्या हातांकडं बघतच सांगायला लागले. "म्हणती, पाच म्हैनं आमी दोघं भांडलो. हिनं माझ्या जेवणात मीठ कमी घातलं, मी हिच्याशी बोलणं टाकलं. आणि दोघंबी खरंच बोलत हुतो."

ती तोवर टेबलाशी पोचलीही होती.

चार त्रेचाळीस. तिनं सॉकेट उघडलं. माझ्या हाताला घाम सुटला होता, तिच्या हाताला नाही. लाल सोडवली, काळी सोडवली. टोकं पुन्हा सोलली, जुन्या टोकांवर भागवलं नाही. स्क्रू आवळला, तार ओढून बघितली, दुसरा आवळला. मध्येच काळ्या तारेचं टोक आत तुटलं, तिनं ते चिमट्यानं काढलं, नव्यानं सोललं. मी "राहू दे, चालेल" असं म्हणणार होतो. बरं झालं, तिला ऐकू येत नव्हतं. चार बावन्नला झाकण बसलं. मुख्य बटण चालू करून तिनं टेस्टर उजव्या भोकात घातला. टेस्टरमधला लाल ठिपका लागला. तिनं माझा खांदा धरून मला खाली वाकवलं आणि तो ठिपका बघायला लावलं.

आतल्या खोलीत निगवे मॅडम संगणकापुढं बसल्या होत्या. पडद्यावर एक गोल नुसता फिरत होता. "जाम झालंय सर. सगळी केंद्रं एकदमच भरतायत."

आम्ही चौघं त्या गोलाकडं बघत उभे राहिलो. भाऊसो जयसिंगपूरपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत जेवढे देव येतात तेवढ्यांना हाका मारत होते. चार पंचावन्न. छप्पन्न. मॅडमनी पान पुन्हा उघडलं, पुन्हा आकडे भरले. वैजयंतानं सासऱ्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून ठेवली होती. चार अठ्ठावन्नला पडद्यावर हिरवी पट्टी आली. 'निकाल जमा झाला.' सात नंबर, उत्तीर्ण.

मॅडमनी कागद छापून तिच्या हातात ठेवला. तिनं तो दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला. मग माझ्याकडं बघून मिशी पिळली आणि हात उजवीकडं नेला. आता मात्र ती हसत होती.

"उद्या सकाळी मी घरी येतो," मी भाऊसोंना म्हणालो. "स्वयंपाकघरातलं सॉकेट बदलून देतो."

"तुमी कशाला येताय? तिला येतंय की आता. तिचं ती करंल." मग जरा थांबून म्हणाले, "जेवायला या."

सांगलीच्या एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर अजून ऊन होतं, उसाच्या शेतांवरून तिरपं पडलेलं. मन अगदी हलकं झालं होतं. सत्काराच्या मंडळींना फोन करून मी रविवार रद्द करायला लावला, आणि त्यांनी "का हो सर?" विचारलं तेव्हा खरं ते सांगून टाकलं. आपली चूक लिहून द्यायला छाती लागते, असं मनाशी म्हणालो. ज्यानं चूक केली त्यानंच ती निस्तरली. शाल नाही मिळाली तरी मी स्वतःच्या खांद्यावर एक घालून घेतली होती.

मग मोठ्या चोखपणानं फोनवर धड्यांखाली सूचना लिहायला बसलो, की हे चित्र उलटं आहे, कुणीही ह्यावरून जोडणी करू नये, नवे धडे लवकरच करतो. आज चार वर्षांनी ते सगळे धडे नव्यानं केलेले आहेत, खाली अक्षरंही आहेत. पण त्या संध्याकाळी सूचना टाकायला मी नवव्या धड्यावर गेलो, तेव्हा खालचे प्रश्न सहज चाळले. जूनपर्यंत मागं गेलो असेन. तिथं त्या वळणदार अक्षराच्या बाईचं नाव होतं.

'वैजयंता बिरनाळे. सर, लाल तार डावीकडे का उजवीकडे? सासरे म्हणतात उजवीकडे. मला डावीकडे दिसते. घरात भांडण होते. कृपया सांगा.'

त्याखाली माझं उत्तर होतं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, चहाबरोबर दिलेलं.

'धडा नीट ऐका. सगळे सांगितले आहे.'

आणि त्याखाली तिचं.

'हो सर. परत बघते.'